ठेवणीतलं लुगडं

कोंडिबाचा मला राग यायचा तो एकाच गोष्टीचा. या माणसाला कुणाला नाही म्हणताच यायचं नाही. टुरिंग टॉकीजमधली ऑपरेटरची बरी चाललेली नोकरी त्यानं बहात्तरच्या दुष्काळात सोडली आणि उस्मानाबाद जिल्ह्यात वाशीकडच्या दुष्काळी कामांवर फुकट राबायला लागला. कुणाचा अर्ज लिही, कुणाला दवाखान्यात ने, संध्याकाळी विहारात पोरींना अक्षरं शिकव. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. त्याला शिव्या घालत त्याच्याच मागं फिरायचो.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाया माळावर खडी फोडायच्या आणि त्यांची लेकरं उन्हातच पडलेली असायची. तुळजाबाई नावाची एक बाई पाच महिन्यांच्या गौराला फडक्यावर निजवून वर बांबूची पाटी पालथी घालायची. एवढीच काय ती सावली. मांडवासाठी कोंडिबानं तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, की कामावर सावलीची सोय आहे. कागदावर ती होतीच. मग शेजारच्या कामावर एक तान्हं मूल ऊन लागून गेलं, आणि कोंडिबाला राहवेना. टॉकीजच्या जुन्या मालकाकडून त्यानं चावीवर चालणारा सिनेमाचा कॅमेरा मागून आणला. रीळ एकच, तीन मिनिटांचं. ते उस्मानाबादला मोठ्या साहेबांना दाखवायचं ठरलं.

आणि इथंच या शहाण्यानं घोळ घातला. उद्या कॅमेरा येणार, असं बायांना आदल्या दिवशीच सांगून टाकलं.

आमच्याकडं फोटो निघायचा तो लग्नात, तोही निघाला तर. दुसऱ्या दिवशी बघतो तर पंचवीस बाया ठेवणीतली लुगडी नेसून, केसांना होतं नव्हतं तेवढं तेल लावून खडीच्या ढिगावर बसलेल्या. गौरालासुद्धा जरीची कुंची घातलेली. मला हसू आवरेना. कोंडिबानं डोक्याला हात लावला.

"अवो, दुष्काळ दाखवायचाय आपल्याला," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "रोजची लुगडी नेसून या."

तुळजाबाईनं हातोडी खाली ठेवली. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"भाऊ, दुष्काळ सरंल एक दिवस. फोटू ऱ्हाईल. माजी गौरा मोठी झाल्यावर बघंल, तवा तिला आई फाटक्यात दिसावी व्हय?"

मी कोंडिबाला बाजूला घेतलं. उद्या न सांगता येऊ आणि गुपचूप घेऊ, असं सुचवलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. मग त्यानं कॅमेऱ्याला चावी दिली आणि बाया होत्या तशा घेतल्या.

उस्मानाबादला साहेबांनी सुरुवातीलाच विचारलं, की हे लग्नाचं वऱ्हाड कुठलं. गेलं सगळं, असंच वाटलं. तेवढ्यात पडद्यावर चिंध्या बांधलेली बोटं आली. त्यांनी उघड्या उन्हातली पाटी उचलली, आणि खाली जरीच्या कुंचीतलं बाळ हातपाय झाडत रडत होतं. आवाज नव्हता, नुसतं उघडं तोंड. साहेबांनी रीळ पुन्हा लावायला सांगितलं. आठ दिवसांत कामावर बांबू, ताडपत्री आणि पाण्याचे रांजण आले.

पुढं पाऊसपाणी झालं. गावात बायांची दूध सोसायटी निघाली, तीही कोंडिबाच्याच खटपटीनं. तुळजाबाई तिची पहिली सभासद. चौऱ्याऐंशी साली ती काविळीनं गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तेरावा झाल्यावर अकरा वर्षांची गौरा कोंडिबाच्या दारात येऊन उभी राहिली. रिळाचं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला कोंडिबानं सोसायटीत प्रोजेक्टर मांडला. चुना दिलेल्या भिंतीवर तिची आई आली. काठापदराच्या लुगड्यात, तेल लावून चापून बसवलेल्या केसांत. तिनं पाटी उचलली, बाळाला मांडीवर घेतलं आणि मान वर करून हसली.

रीळ चारदा झालं. चौथ्यांदा गौरानं हळूच विचारलं, "काका, आई कुणाकडं बघून हसतीया?"

कोंडिबा तिच्याशेजारी येऊन बसला.

"तुज्याकडं, बाय," तो म्हणाला. "तू बघणार, हे तिला तवाच ठावं हुतं."

गौरा म्हणाली, अजून एकदा लावा. त्यानं रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं.