पावलांपुरता पखवाज

डॉक्टरांनी आमच्या यांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितलं. डाव्या हाताला ते जमलं. उजव्या हाताची बोटं थोडा वेळ हलली, मग हालचाल लहान लहान होत गेली आणि थांबली. डॉक्टरांनी मनगट धरून हात फिरवून पाहिला, बाहेरच्या बोळातून यांना चालवून पाहिलं, आणि मग खुर्चीत बसून थेट यांच्याकडे बघत म्हणाले, "काका, तुम्हाला पार्किन्सन्स डिसीज आहे."

पार्किन्सन्स म्हणजे मेंदूत डोपामीन नावाचं जे रसायन तयार होतं, ते कमी पडायला लागतं. हालचालीचे हुकूम त्याच्यामार्फत जातात. ते कमी झालं की हात थरथरतो, अंग ताठ होतं, चाल मंदावते. "हा जाणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण याच्यासोबत बरीच वर्षं नीट जगता येतं." आम्ही कोल्हापुरात होतो. फोंडाघाट चढून येताना मी मनात मेंदूतल्या गाठीपर्यंत जाऊन आले होते, त्यामुळे खरं सांगायचं तर मला आधी हायसंच वाटलं. रडू नंतर आलं, गाडीत, घाट उतरताना.

ज्यांच्या घरी हा आजार नुकताच आला असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमचे हे तहसील कार्यालयात कारकून होते. घर मालवणपासून आत, एका वाडीत. मुलगी लग्न होऊन दूर आहे, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

सुरुवात खूप आधी झाली होती. यांचं अक्षर बारीक होत चाललं होतं. चालताना उजवा हात हलायचा नाही. बांगड्याचं तिखलं चुलीवर उकळत असायचं आणि हे विचारायचे, "आज काय केलंस?" वास जाणं हेसुद्धा या आजाराचं लक्षण असतं, हे मला कुठे ठाऊक! मला वाटायचं, निवृत्तीनंतर माणूस सैल पडतो. मी दोन-चार टोमणेही मारले.

मग पाय अडायला लागले. पडवीतून माजघरात येताना हे दारात उभे राहायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. वरचं अंग पुढे झुकायचं, पाय जागच्या जागी थरथरायचे, आणि हे हसून म्हणायचे, "थांब जरा, येतंय."

आमच्याकडे माणूस दारात अडला की पहिला संशय मेंदूवर जात नाही, जागेवर जातो. माझे मोठे दीर, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, ते आले, त्यांनी पाहिलं आणि सांगून टाकलं, "उंबऱ्यात काय तरी आसा. देवाक इचारूक व्हया." देवळात कौल लावला. कौल उंबरा बदलावा असा मिळाला. देवापुढे गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला, सुताराला बोलावलं. मीही हात जोडून उभी होते. शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, पण आपल्या माणसाचे पाय अडले की कशालाही हात जोडावेसे वाटतात.

सुताराने जुना उंबरा काढला. नवा बसायचा होता, म्हणून दार तसंच सपाट होतं. हे त्या सपाट दारापाशी आले आणि अगदी पूर्वीसारखेच अडले. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारातही तेच. मी दादांना म्हटलं, "आता काय सगळेच दरवाजे काढूया?" दुसऱ्या दिवशी आम्हाला कुडाळच्या डॉक्टरांकडे घेऊन दादाच गेले. त्या डॉक्टरांनी यांचा चेहरा बघूनच ओळखलं असावं. "काका हसत नाहीत का आता पूर्वीसारखे?" असं त्यांनी विचारलं आणि कोल्हापूरची चिठ्ठी दिली.

तर कोल्हापूरच्या डॉक्टरांना मी उंबऱ्याची गोष्ट जरा लाजतच सांगितली. ते अजिबात हसले नाहीत. "याला फ्रीझिंग ऑफ गेट म्हणतात," ते म्हणाले. गेट म्हणजे चाल. चालता चालता चाल गोठते. "दारात, वळताना, अरुंद जागेत हे जास्त होतं. त्यात दाराचा दोष नाही. शहरातले लोक फ्लॅटची वास्तू बघून घेतात, तुम्ही उंबरा बदललात." त्या माणसाचे मी आजही आभार मानते. आम्हाला वेड्यात न काढता त्यांनी दोष दारावरून उचलून आजारावर ठेवला.

मेंदूचा एमआरआय झाला. पार्किन्सन्स फोटोत दिसत नाही, दुसरं काही नाही ना, एवढं बघायला तो काढतात. मग लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळीचं मेंदूत जाऊन डोपामीन होतं. पण मासे, अंडी, डाळ यांतली प्रथिनं तिच्या वाटेत येऊ शकतात, म्हणून ती जेवणाच्या बऱ्याच आधी घ्यायची. मालवणी माणसाला गोळी घेऊन माशाच्या वासात थांबायला सांगणं म्हणजे शिक्षाच. यांना वास येत नव्हता, तेवढंच बरं झालं, असं मी म्हणाले तेव्हा हे खूप दिवसांनी हसले.

गोळीने हात सुधारला, ताठपणा कमी झाला. पाय मात्र अडतच राहिले. एकदा न्हाणीघराच्या दारात हे पडले. दंड काळानिळा झाला, हाड वाचलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "मला आजाराची भीती नाही तेवढी पडण्याची आहे. पण पडतील म्हणून बसवून ठेवू नका. चालणं थांबलं तर ते परत आणणं कठीण जाईल." म्हणजे चालवायचं, आणि पडू द्यायचं नाही. ही जबाबदारी माझी. आणि यांनी तर पडवीतल्या खुर्चीत मुक्कामच ठोकला होता. कोणी आलं की जागचे उठायचेच नाहीत. आपण दारात अडलेले लोकांना दिसू नये, म्हणून हा माणूस दारापर्यंत जायचाच बंद झाला.

कुडाळच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवायला सांगितल्या आणि मोबाइलवर मेट्रोनोम घालून दिला. मेट्रोनोम म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र. त्या टिकटिकीवर पावलं टाकायची. यांनी दोन दिवस केलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "घड्याळाच्या दुकानात फिरल्यासारख्या वाटता," म्हणाले.

मग चतुर्थी आली. आमच्या वाडीचं भजनी मंडळ त्या दिवसांत घरोघरी गणपतीपुढे भजन करत फिरतं. आमच्याकडे आले तेव्हा हे आतल्या खोलीत. बाहेर या म्हटलं तर मान हलवली. मी नाद सोडला आणि उसळ गरम करायला गेले.

भजन रंगात आलं. मी उसळीची पातेली घेऊन वळले, तर हे माजघराच्या दारात उभे. अडलेले. सगळे बघत होते. तेवढ्यात ठेका चढला, पखवाजावर ठसठशीत थापा पडायला लागल्या, आणि यांचा उजवा पाय उचलला. मग डावा. कोणी हात धरला नव्हता. हे दार ओलांडून थेट गणपतीपुढे गेले आणि हात जोडले. मला पातेली खाली ठेवावी लागली.

मंडळ पुढच्या घरी निघून गेलं. परत आत जाताना त्याच दारात हे पुन्हा अडले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं की मॅडम जे टिकटिक करून मागत होत्या, ते हेच.

पखवाज वाजवणारा महेश माझा जुना विद्यार्थी, बाजारात मोबाइलचं दुकान चालवतो. त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून ठेका रेकॉर्ड करून घेतला. तो चालेना. यांचं पाऊल जरा मागे राहिलं की रेकॉर्डिंग पुढे निघून जायचं. महेशने समोर बसून वाजवलं की जमायचं, कारण तो यांच्या पायांकडे बघून थांबायचा. पण दुकान सोडून तो रोज कसा येणार? चार-पाच दिवसांनी तो म्हणाला, "बाई, तुमीच शिका."

मी हसले. आमच्या वाडीत बायका भजनाला बसतात, टाळ्या वाजवतात, चहा करतात. पखवाजाला हात लावलेली बाई मी पाहिली नव्हती. आणि साठी उलटल्यावर? पण हे पडवीतून म्हणाले, "शिक गो. शाळेत छडी वाजयलंस ना इतकी वर्सां?" झालं. मंडळाचा जुना पखवाज घरी आला.

डाव्या बाजूला ओली कणीक लावायची, म्हणजे आवाज खोल येतो. ते मला पहिल्या दिवशी जमलं, कणीक ही आपल्या हातातली गोष्ट. बाकी काही जमेना. ता, धिं, थुं, नं. बोटं सुजली, मनगट दुखलं. महेशला तर पर्वणीच. "बाई, तुमी आमका पाढे म्हणूक लावलास. आता तुमी म्हणा. मोठ्यान!" मी मोठ्याने बोल म्हणायचे आणि शेजारच्या बायका कुंपणावरून डोकवायच्या.

थोडा ठेका बसल्यावर मी यांना उभं केलं. चार पावलं छान पडली. मला इतका आनंद झाला की माझा हात पळाला. मी आहेच घाईची. यांचे पाय माझ्या हातामागे धावले, अंग पुढे गेलं आणि चौकट हाताला लागली म्हणून हे वाचले. मी पखवाज बाजूला सारला आणि म्हटलं, "नको हे. मीच तुम्हाला पाडीन." त्या दिवशी मी खरोखर घाबरले होते.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, सोडू नका. मेंदूतून येणारा हुकूम अडतो, तेव्हा बाहेरचा ताल पायांना दुसरी वाट दाखवतो. फक्त हाताकडे बघू नका, त्यांच्या पायांकडे बघा. आणि सुरुवातीला कोणीतरी त्यांच्या बाजूला चालू दे." बाजूला चालायचं काम दादांनी घेतलं. मी हात विसरून पाय बघायला शिकले. आयुष्यभर मी वर्गाला माझ्या वेगाने ओढलं होतं. आता दुसऱ्याच्या वेगाने जायचं होतं, आणि ते पखवाजापेक्षा अवघड होतं.

हळूहळू पडवी ते माजघर, मग पडवी ते खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, अशी आमची फेरी सुरू झाली. जिथे पखवाज नाही तिथे हे स्वतःच ओठांत बोल म्हणतात. बँकेच्या काचेच्या दारात "ता, धिं, थुं, नं" करत आत शिरतात आणि रखवालदार बघत राहतो. अजूनही कधी अडतात. गोळीचा अंमल उतरला की पखवाजालाही पाय दाद देत नाहीत. तेव्हा थांबायचं, ओढायचं नाही. हा आजार पुढे सरकणार, हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही, आणि आम्हीही एकमेकांपासून लपवत नाही.

मला लोक विचारतात, या वयात हे वाद्य कसं सुचलं? कोणी देवासाठी शिकतं, कोणी आवडीने, कोणाच्या घरात बापजाद्यांपासून असतं. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. मला एक माणूस दारातून पलीकडे न्यायचा होता. तुमच्या घरी पखवाजच हवा असं नाही, टाळ चालेल, टेबलावर थाप चालेल, डॉक्टरांना मात्र आधी विचारा. आणि मदत मागायला लाजू नका. मला डॉक्टरांनी, मॅडमनी, महेशने, दादांनी भरभरून दिली. दादांचं म्हणणं आहे की हे सगळं गाऱ्हाण्यामुळेच झालं, देवानेच पखवाज घरी पाठवला. मी वाद घालत नाही. ज्या माणसाने रोज माझ्या नवऱ्याच्या बाजूला चालून दाखवलं, त्याच्याशी कशाला वाद घालू?

परवा दुपारी हे खुर्चीत बसले होते. फेरीची वेळ झाली म्हणून मी पखवाज घेतला आणि चालीचा ठेका धरला. यांच्या पायांकडे बघत होते. पाय हलले नाहीत. मी लय उतरवली. तरी नाही. आणखी उतरवली. शेवटी हात थांबवून विचारलं, "काय झालं? पाय अडलेत का?"

हे डोळे मिटून मागे टेकले होते.

"नाय गो," म्हणाले. "माका खंय जावचा नाय आसा. तू वाजय."

आणि मग मी यांच्या पायांकडे न बघता वाजवत राहिले.