ज्याचं मॅटिंग, तो कर्णधार

भारतीय संघाचा एकही सामना मी पाहिलेला नाही. आमच्या अण्णाकाकांनीही पाहिलेला नव्हता, हे आधीच नमूद करते. कारण संघाच्या नेतृत्वाविषयी त्यांच्याइतकी ठाम मतं अमरावतीत दुसऱ्या कोणाची नव्हती. मुंबईचं वर्तमानपत्र बडनेरा स्टेशनवर उतरेपर्यंत शिळं झालेलं असे. तोवर बाररूममधल्या वकिलांनी तो सामना तर्कानंच खेळून संपवलेला असे. जे दिसत नाही, त्याचेच किस्से अधिक साचतात.

*

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. काकांचा मुख्य आक्षेप एकच: इंग्लंडला जाणाऱ्या संघाचा कर्णधार राजघराण्यातलाच का?

एकदा कोर्टात ते एका दत्तक मुलाची बाजू मांडत होते. वारसाचा हक्क गुणांवर ठरत नाही, असं हिरिरीनं सांगत होते. न्यायाधीश क्रिकेटचे शौकीन. त्यांनी शांतपणे विचारलं, हेच तत्त्व कर्णधारपदालाही लावायचं का?

"वारसाला इस्टेट मिळते, साहेब," काका म्हणाले. "गोलंदाज कधी बदलावा, ती अक्कल मिळत नाही."

निकाल काकांच्या बाजूनं लागला.

*

संघनिवड ते रोज घरी करीत. यष्टिरक्षक कोण, यावर एक अख्खा उन्हाळा गेला. काकू भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "अकरा माणसं ठरेनात तुमची. मला मात्र एका बैठकीत पसंत केलंत."

त्या दिवसापुरता यष्टिरक्षक कायम झाला.

*

आमच्या गावच्या क्रिकेट क्लबाची रीत मात्र निराळी होती. काळ्या मातीला भेगा पडत, म्हणून खेळपट्टीवर काथ्याचं मॅटिंग अंथरावं लागे. ते गावचे बडे जमीनदार देशमुखसाहेब यांच्या मालकीचं. ते त्यांच्याबरोबर गाडीतून येई, त्यांच्याबरोबर परत जाई. आणि कर्णधार अर्थातच देशमुखसाहेब असत.

अकोल्याशी सामना ठरला, तेव्हा क्लबाचे सेक्रेटरी या नात्यानं संघ जाहीर करायचं काम काकांकडे होतं. आमचा सर्वांत चांगला गोलंदाज गणपत, बडनेऱ्याचा भाजीवाला माळी. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वकीलसाहेब, विलायतेले जानाऱ्या टीममंदी राजाच कप्तान काहून, म्हून तुमी रोज भांडून राहिले. मंग आपल्या इथं काहून गप?"

काकांनी चष्मा पुसला. "अकोल्याविरुद्ध कर्णधार गणपत."

देशमुखसाहेबांनी मान डोलावली. बरं झालं, मले आराम, म्हणाले.

*

सामन्याच्या सकाळी अकोल्याचे खेळाडू आले. देशमुखसाहेब आले नाहीत, मॅटिंगही नाही. सामना मोडला असता, तर गुणांवर नेमलेल्या पहिल्याच कर्णधाराचं हसं झालं असतं, आणि काकांच्या तत्त्वाचंही. अकोल्याच्या कर्णधारानं अत्यंत सभ्यपणे विचारलं, "खेळायचंय, की नुसतं जेवून जायचं?"

काका एकटेच देशमुखांच्या घरी गेले. काही वेळानं गाडी आली. गाडीत मॅटिंग, आणि मागून पॅड बांधूनच चालत येणारे देशमुखसाहेब. नाणेफेकीला गणपत गेला. त्यानं सांगितलं, त्या क्रमांकावर देशमुखसाहेब खेळले. आम्ही थोडक्यात हरलो. पण गणपतच्या नेतृत्वात खोट काढणं अकोलेकरांनाही जमलं नाही.

*

पुढे इंग्लंडच्या दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून पुन्हा राजघराण्यातलंच नाव छापून आलं, तेव्हा सगळी बाररूम काकांकडे पाहत राहिली.

"ज्याला नेमलं, तो योग्यच असेल," काका म्हणाले. त्या विषयावरचं हे त्यांचं शेवटचं वाक्य.

मॅटिंगच्या बदल्यात देशमुखांनी त्यांच्याकडून मौनाचं वचन घेतलं, असं सर्वांनी गृहीत धरलं. पुराव्यावाचून मला ते पटेना. काका विषय टाळत. म्हणून एका लग्नात मी देशमुखसाहेबांनाच विचारलं.

"वचन कायचं, बाई?" ते म्हणाले. "तुमच्याबिगर सामना होत नाही, मॅटिंग द्या म्हने. म्या गाडी जुंपाले सांगतली. चहा बी नाही घेतला त्यायनं."