मालवणच्या होडीत ओतून दिलेलं पाणी

समुद्र पाहायचा हे आमच्या मायनं ठरवलं, आणि तिनं ठरवलं म्हणजे झालंच. सन अठ्ठावन्नचा माघ महिना होता. कापसाची वेचणी आटोपली होती. मी एकोणीस वर्षांची. आमचं खेडं गिरडजवळचं, समुद्रपूर तालुक्यातलं. नावात समुद्र, पण उन्हाळ्यात नाल्याची वाळूसुद्धा कोरडी. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि कारकून असलेल्या दादाची बदली थेट मालवणला झाली. माय म्हणाली, "पोरगं तिकडं काय खाऊन राह्यलं, पाहून येऊ."

एसटीनं हिंगणघाट, तिथून रेल्वेनं मुंबई, धक्क्यावरून आगबोट. सोबत ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी. आगबोटीत डेकवर बसा, स्वस्त पडतं आणि वारा लागतो. मालवणला बोट किनाऱ्याला लागत नसे. छोट्या पडावात उड्या मारत उतरावं लागे. मायनं लुगडं खोचलं आणि माझ्याआधी उतरली.

दादाच्या ओळखीचा बाबल तांडेल होता, शिडाची होडी बाळगणारा म्हातारा. तीन दिवस किनाऱ्या-किनाऱ्यानं देवगडकडं जायचं, वाटेत मासे धरायचे, बेटं बघायची, असं ठरलं. पहिला दिवस म्हणजे नुसती चैन! पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडं वाहणारा, शिडात भरला की होडी सुरसुर निघे. गळाला सुरमई लागली तेव्हा दादा इतका ओरडला की बाबल खवळला. मायला फक्त आमच्याकडची मरळ ठाऊक. तिनं सुरमई उलटीपालटी करून पाहिली आणि याले खवले काऊन नाईत म्हणून संशय घेतला. संध्याकाळी एका खाडीच्या वाळूवर चूल मांडली. नारळ घातलेलं ते कालवण मी अजून विसरले नाही. तुम्ही गेलात तर माशाला तिखट आपलं वऱ्हाडी घालू नका, तिथल्यांना नीट करू द्या.

घोळ झाला दुसऱ्या सकाळी.

आमच्याकडं रीत अशी की उजाडलं की रात्रीचं शिळं पाणी ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. होडीत गोड्या पाण्याचा एक मोठा रांजण होता, तिघाचौघांना तीन दिवस पुरेल एवढा. पहाटे अंधारातच निघून आम्ही किनारा सोडून बरेच आत आलो होतो. माय उठली, सवयीनं रांजण कलंडवला, आणि राखेनं घासायला बसली. बाबल शिडाशी होता. त्यानं वळून पाहिलं तोवर रांजण स्वच्छ, चकचकीत आणि रिकामा. म्हातारा कपाळावर हात मारून खालीच बसला. मायला कळेना काय चुकलं. एवढं पाणी भोवती असताना!

त्यातच वारा पडला. ऊन चढलं. मला होडी लागली होती, सारख्या उलट्या. ओठ सुकून पापुद्रे निघाले. माय माझं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि पदरानं मला सावली धरली.

दुपारी बाबलनं आणि दादानं वल्ही मारत होडी एका बेटाला लावली. चारपाच घरं, माडांची रांग, वर एक विहीर. बाबल म्हणाला, मी आणतो, पण इथली माणसं आधी कोण कुठले विचारतात. दादानं मायला बाजूला घेतलं. काही सांगू नको, पाणी घेऊन निघू, म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याचंही खरंच होतं, माझी अवस्था तो बघत होता.

मायनं रांजणाजवळची कळशी उचलली. "चूक माही हाय, पाणी मीच आणीन. अन् आपण कोण आहो ते लपवून नाई आणणार. सवा वर्ष झालं दीक्षा घेऊन, ते कायले घेतली मंग?"

मीही लटपटत तिच्यामागं गेले. माझ्या मायनं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या विहिरीवर दोर धरला नव्हता. गावात वरून कोणीतरी ओतायचं, आम्ही खाली ओंजळ करायची. विहिरीवर एक म्हातारी बसली होती. माय तिच्यापासून चार पावलं थांबली आणि सरळ सांगितलं, "आमी बौद्ध आहो. पयले महार होतो. माह्या पोरीले पाणी पायजे. पाहून घे, मंग सांग."

म्हातारी मायकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं.

"दोर थंय आसा," ती तिकडं बोट करून म्हणाली. "काढतंस तर माझी पण कळशी भर. माझी कंबर धरली हा."

मायला आधी समजलंच नाही. म्हातारीनं स्वतःची कळशी पायानं पुढं सरकवली तेव्हा समजलं. मायनं दोर विहिरीत सोडला. पहिला पोहरा अर्धा सांडला. म्हातारीची कळशी तिनं आधी भरली, मग आमची, मग मला पाजलं. स्वतः शेवटी प्यायली, उभी राहून, पोहऱ्यातूनच. मग रांजण भरायला दादानं चार खेपा घातल्या. जाताना म्हातारीनं दोन शहाळी दिली. त्या बाईचं नाव आम्ही विचारलं नाही, ही चुटपुट मला आजही आहे. तिचे उपकार मात्र रोज आठवते.

संध्याकाळी वारा धरला. देवगड राहिलंच, मालवणला परतलो, आठवड्यानं घरी. शंखशिंपले दादाच्या खोलीवरच विसरले.

गावातल्या बाया जमल्या. समुद्र केवढा असते, पाणी खरंच खारं असते काय, सगळ्या विचारू लागल्या. माय सुपातले दाणे निवडत होती.

"मोठा हाय समुद्र," ती म्हणाली. "पण तिथं एक बाई भेटली. तिनं मले पाणी नाई देल्लं, दोर देल्ला."