पाळ, घाट, थडी : मेहकरकडचा आमचा प्रवास

"जायचं का गजाकडे?" मी विचारलं आणि अनिलने चक्क मान डोलावली. त्याचा विचार बदलायच्या आत मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली.

अनिल माझा नवरा. गेल्या पावसाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सावरला, काठी घेऊन चालतो. वाचा मात्र अडली. त्याला कळतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. स्पीच थेरपिस्ट चित्रं दाखवायच्या : ही नदी, हा पूल, हा काठ. बँकेत आयुष्यभर लोकांशी बोलत आलेला हा माणूस 'काठ' म्हणताना घामाघूम व्हायचा. पुढे पुढे तो चित्रांकडे बघेनासाच झाला. धाकट्या भावाचा, गजाननचा फोन आला तरी हातानेच नको म्हणायचा. अनिल शब्द शोधणंच सोडून देईल, अशी भीती मला वाटायला लागली होती. "ओळखीच्या जागी नेऊन बघा," थेरपिस्ट म्हणाल्या. त्याचं गाव हिवरा आश्रमाजवळ, धरणाच्या पाण्याला लागून. बुलढाण्याकडे जायचं कारण एवढंच.

पुण्याहून अगदी पहाटे निघालो. फेब्रुवारीची अखेर होती. पहाटे गारवा, दुपारी ऊन चटकायला लागलेलं. संभाजीनगरच्या पुढे समृद्धी महामार्ग धरला. रस्ता सुरेख आहे, पण टोल लागतो आणि खाण्यापिण्याची सोय विरळ, तेव्हा पाणी आणि डबा सोबत असू द्या. सोबत आजारी माणूस असेल तर माझ्यासारखं मध्ये मुक्काम करणं बरं. आम्ही सिंदखेडराजाला थांबलो.

संध्याकाळी मोती तलावावर गेलो. पाण्याला अडवणारी जुनी दगडी भिंत, तिच्यावरून चालता येतं. मी आपली बडबडत होते. "याला काय रे म्हणायचं? काठ? किनारा? बांध?" अनिल मान वळवून दुसरीकडे बघायला लागला. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी त्याची काठी पाहून सांगितलं, "पाळीवरून सावकाश न्या त्यांना. तिकडच्या पायऱ्या झिजल्यात."

परत फिरताना अनिल पुटपुटला, "पाळ."

मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. "पुन्हा म्हण!" झालं. तोंड मिटलं ते रात्री जेवताना वरणभात समोर आला तरी मिटलेलंच. चूक माझीच होती. लहान मुलाची परीक्षा घ्यावी तशी मी वागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचलो. मेहकरच्या पुढचा शेवटचा तुकडा खडबडीत आहे. गजानन रस्त्यावरच उभा होता. त्याने भावाला मिठी मारली आणि लगेच बोलायला सुरुवात केली, जणू मधले महिने गेलेच नव्हते. जाऊबाईंनी, शोभाने, बेसनाच्या पातोडीची रस्साभाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. भाजी इतकी झणझणीत की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अनिलने मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतली.

उन्हं उतरल्यावर पाण्यावर गेलो. उन्हाळा जवळ आला की धरणाचं पाणी मागे सरतं आणि बुडालेली जमीन उघडी पडते. तिच्यावर लोक टरबूज, काकडी लावतात. गाळपेर म्हणतात तिला. लांबवर हिरव्या वेलांचे पट्टे दिसत होते आणि त्यांच्यापुढे चमकणारं पाणी.

"वहिनी, जुन्या गावाचा घाट थ्या तिकडं, पाण्याखाली हाये," गजानन हात करून सांगत होता. "दादानं मले थ्याच पायऱ्यांवरून ढकललं होतं, पोहणं शिकवाले."

मला त्या दिशेचा फोटो हवा होता. दोघांना सोडून मी सरळ पाण्याकडे निघाले. वरून वाळलेली, भेगाळलेली जमीन अगदी टणक दिसत होती. फोनमध्ये बघत चार पावलं टाकली असतील, तोच मागून आवाज आला.

"थांब! रुतशीन!"

मी वळले. अनिल काठी उगारून उभा होता, चेहरा लालबुंद. "थडी... थडीनं चाल!"

माझा एक पाय तोवर पोटरीपर्यंत गाळात गेला होता. गजानन धावत आला आणि त्याने मला ओढून काढलं. चप्पल आतच राहिली. पण माझं लक्ष चपलेकडे नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात अनिल माझ्याशी वऱ्हाडीत कधी बोलला नव्हता. पुण्यात नोकरीला लागल्यावर सुरुवातीला सहकारी हसले म्हणून त्याने ती बोली बाजूला ठेवली होती.

"दादा बोलला नं!" गजानन डोळे पुसत हसत होता. "बोलला नं दादा!"

"काऊन बे," अनिल म्हणाला, "रडतं?"

यावेळी मी काही विचारलं नाही. आम्ही कोरड्या कडेला बसलो. हीच थडी, गाळाच्या वरची काठाची पक्की वाट. गजानन जुन्या गोष्टी सांगत राहिला आणि मध्येच एखादा शब्द मोकळा सोडायचा. कधी अनिल तो भरायचा : घाट, गाळ, डोह. कधी नाही भरायचा. होडीला काय म्हणायचं ते त्याला अखेरपर्यंत आठवलं नाही. चिडून त्याने खडा पाण्यात भिरकावला. गजाननने त्याच्यापेक्षा लांब खडा टाकून दाखवला. मग दोघं बराच वेळ नुसते खडेच टाकत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दोघे घरात नव्हते. परतले तेव्हा अनिलची पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती. शोभा दिराला रागावली आणि तो हसला. लोणार तिथून जवळ आहे, आधी जायचं ठरवलंही होतं, पण सरोवराची उतरण काठी घेतलेल्या माणसाला जड जाते. आम्ही तो दिवस गावातच घालवला.

घरी येऊन आता काही महिने झालेत. वाचा परत आली असं मी म्हणणार नाही. पुण्याची भाषा अजून अडते, लांब वाक्यं तुटतात. थेरपिस्ट आता त्याला वऱ्हाडीतच बोलू देतात आणि मीही ती शिकते आहे, माझी चुकली की तो दुरुस्त करतो.

परवा गजाननचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे उचलला, तर अनिलने हात पुढे केला. फोन घेतला, कानाला धरला.

"गजा," तो म्हणाला. "पोळ्याले... येतो."

पलीकडून ऐकू आलं, "ये नं दादा. बैल तूच सजवजो."