काजूवाल्याची अर्धी खोली

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाचं वार्षिक नाटक घाटकोपरच्या एका शाळेच्या पटांगणात व्हायचं. नाटकाआधी तासभर सत्कार. अध्यक्षांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, मांडववाल्याचाही सत्कार. शाली वेगवेगळ्या असत, नारळ मात्र बहुधा तोच फिरत असावा. एका वर्षी मी त्याला पेनाने खूण केली होती आणि माझा संशय खरा निघाला.

त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी साल असेल. मंडळाचे सेक्रेटरी बँकेत होते आणि वाचणारे होते. त्यांच्या हाती एक परदेशी नाटक आलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं घराणं, कापसावर कमावलेला पैसा आणि त्यावरून एकमेकांच्या जिवावर उठलेली भावंडं. सेक्रेटरींनी ती दक्षिण उचलून आमच्या तळकोकणात आणली, कापसाच्या जागी काजू घातले, भावंडांचे दोन भाऊ केले आणि लेखक म्हणून स्वतःचं नाव छापलं.

थोरल्या, हावरट भावाचं काम माझ्या बाबांना दिलं आणि धाकट्याचं माझ्या सख्ख्या काकांना. सेक्रेटरी याला वास्तववाद म्हणत. वास्तव त्यांना पुरतं ठाऊक नव्हतं.

वास्तव असं होतं. चाळीतली आमची खोली आजोबांची. चाळीच्या मानाने मोठी, दोन खिडक्यांची. आजोबा गेल्यावर भाडेपावती रिवाजाप्रमाणे थोरल्याच्या नावावर झाली. काका लग्नानंतर तात्पुरते म्हणून वाकोल्याला मेहुण्याच्या झोपडीत राहायला गेले. मग त्यांची गिरणी बंद पडली, आणि मेहुणा जेवताना भांडी आपटू लागला. काकांना अर्धी खोली हवी होती, मधे फळी घालून. गणपतीत त्यांनी तसं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "बघू." तेव्हापासून ते बघत होते.

मी कॉलेजात होते आणि वाचायची हौस म्हणून मला प्रॉम्प्टर केलं होतं. बाबांना प्रॉम्प्टिंग करणं म्हणजे शिक्षाच. तरुणपणी ते गावी दशावतारात काम करायचे. तिथे लिहिलेली वाक्यं नसतात. डोक्यावर किरीट चढला की जे सुचेल ते राजा बोलतो.

"अहो, लिहिलंय तेवढंच बोला," सेक्रेटरी तालमीत हात जोडून सांगत.

"कागदार बघून राजा बोलता काय रे?" बाबा म्हणत.

"तुम्ही राजा नाही. काजूचे कारखानदार आहात."

प्रयोगाच्या दिवशी पडद्यामागे ग्रामदेवतेला साक्षीला बोलावून गाऱ्हाणं घातलं गेलं. सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटलं आणि नाटक सुरू झालं. पहिला अंक कसाबसा पार पडला.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, या वास्तूत माझाही वाटा आहे." काकांनी ते वाक्य जरा जास्तच चांगलं म्हटलं. त्यावर थोरल्याचं वाक्य होतं, "या घराचा एक वासाही तुझ्या हाती लागणार नाही." बाबा गप्प. मी विंगेतून वाक्य पुरवलं. बाबा गप्पच. मी इतक्या मोठ्याने पुन्हा पुरवलं की पहिल्या रांगेतून कोणीतरी "आयकला, आयकला" म्हणालं.

बाबा काकांकडे बघून म्हणाले, "घे. अर्धी खोली तुजी. मधी फळी घालूया. मोरी दोघांची."

काजूच्या कारखानदाराच्या बंगल्यात मोरी कुठून आली, असं कोणी विचारलं नाही. समोर सगळं गाव बसलेलं होतं. टाळ्या पडल्या, आणि मागून कोणीतरी 'होय म्हाराजा' म्हणालं. काकांनी वाकून बाबांच्या पायांना हात लावला. तेही नाटकात नव्हतं. सेक्रेटरींनी स्वतः धावत जाऊन पडदा ओढला.

"वाट लागली," ते मला म्हणाले. "धाकट्याला वाटा मिळाला. आता तिसऱ्या अंकात भांडायचं कशावर?"

तेवढ्यात आई मागे आली. बाबा आरशात मिशी चिकटवत होते.

"दिलीत ना अर्धी?" ती हळू आवाजात म्हणाली. "आता पोरीला बघायला येतील त्यांना बसवायचं कुठे? मोरीत?"

पोरगी म्हणजे मी. नाटकाचे कागद हातात धरून तिथेच उभी होते. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मिशी दाबून धरली.

तिसऱ्या अंकात थोरला धाकट्याला घराबाहेर काढतो. बाबांनी तो अंक काना-मात्रा न चुकवता म्हटला. "चालता हो. या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकू नकोस." मला एक शब्द पुरवावा लागला नाही. प्रेक्षकांना वाटलं, दिलेला शब्द फिरवणारा भाऊ दाखवायचाय. "मेल्या, दिलेला परत घेतंस?" असं एक म्हातारी ओरडली. प्रमुख पाहुण्यांनी मानवी लोभाच्या सूक्ष्म दर्शनाबद्दल लांबलचक भाषण केलं आणि उत्कृष्ट अभिनयाची ढाल बाबांना दिली. सोबत नारळ होताच.

पुढच्या रविवारी सकाळी काका आले ते मापाची टेप घेऊन. कानावर पेन्सिल. मला म्हणाले, "धर गो हयसर." मी टेपचं टोक भिंतीला लावून धरलं. त्यांनी एका भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि समोरच्या भिंतीकडे निघाले.

"काय करतंस?" बाबांनी विचारलं.

"मोजतंय. फळी आणूक व्हयी."

"अरे, ता नाटक."

"गाऱ्हाणा घातल्यार बोललंस, दादा. सगळ्या गावान आयकल्यान."

बाबांनी कपाटावरच्या ढालीकडे पाहिलं. मग तिच्याकडेच बघत म्हणाले, "तिसऱ्या अंकात बोललंय, ता पण गावान आयकल्यान."

काकांनी पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. मग मला म्हणाले, "सोड." टेप सरसरत आत गेली. आईने चहा केला होता, तो ते सगळा प्यायले. निघताना ढालीला बोट लावून म्हणाले, "काम बरा केलंस, दादा."

बाबांनी त्यानंतर तोंडाला रंग लावला नाही. त्यांना मंडळाने बोलवायचं थांबवलं नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी मला बघायला माणसं आली, तेव्हा काका-काकीही वाकोल्याहून आले. काकी आल्या आल्या पोहे करायला बसली. आईने पाहुण्यांना पेन्सिलीच्या रेघेपलीकडे बसवलं. सतरंजी अंथरायला तिकडेच ऐसपैस जागा होती. भिंतीला रंग देऊन झाला होता, पण रेघ कुठे होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

मुलाच्या वडिलांनी खोलीभर नजर फिरवली. "जागा छान आहे. एवढी सगळी तुमचीच?"

 बाबांनी माझ्याकडे बघितलं, वाक्य विसरलेला नट विंगेकडे बघतो तसं. माझ्या हातात पोह्यांच्या बश्या होत्या आणि द्यायला वाक्य नव्हतं.

"हो, दादाचीच," काका म्हणाले. "मधे फळीबिळी काही नाही. आम्ही तिकडे वाकोल्याला असतो."

मुलाच्या वडिलांनी समाधानाने मान हलवली. लग्न ठरलं.