वाटे मोडा, मॅडम

पडदा वर जातो. भंडाऱ्यातल्या एका महाविद्यालयाचं सभागृह. छताला पंखे, त्यातला एक बंद. मंचावर निळं कापड घातलेलं टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि एक लॅपटॉप. खुर्च्यांत पीएच.डी. करणारी मुलंमुली. दाराजवळ पाहुण्यांच्या सोफ्यावर मी. आणि दुसऱ्या रांगेत, बॅग मांडीवर घट्ट धरून, रंजू वलथरे.

या पोरीला मी ती फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहतो आहे. सानगडीत आमची घरं पाठीला पाठ लावून. तिचा बाप बुधराम तलावात जाळं टाकतो. झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायक रंगवायचो, तेव्हा ही पहिल्या रांगेत मांडी घालून बसायची आणि मला मोठ्यानं शिव्या द्यायची. खेळ संपला की तीच चहा घेऊन यायची. "आबाजी, आज लय हरामी दिसले तुमी!" मला मिळालेली तेवढी दाद पुष्कळ आहे.

तीच रंजू आता आपल्या तलावांतल्या माशांवर संशोधन करते. पाचवं वर्ष. शेवटचं प्रकरण मागच्या दिवाळीपासून गाइड सरांच्या टेबलावर पडलेलं. त्यांची सही झाल्याशिवाय प्रबंध पुढे जात नाही, आणि या वर्षी तो गेला नाही तर नोंदणीच रद्द.

अशात महाविद्यालयानं संशोधन करणाऱ्या मुलांसाठी एक सर्वेक्षण काढलं. काम कसं चाललंय, मार्गदर्शक वेळ देतात का, प्रयोगशाळा कशी आहे, मोबाईलवर उत्तरं द्यायची. नाव लिहायचं नाही. कुणीच भरेना. प्राचार्य मॅडमनी मुलांना तयार करण्याचं काम रंजूवर सोपवलं. ती माझ्याकडे आली, "आबाजी, तुमी फक्त आवाज द्या." मी माझ्या जुन्या गडगडाटी आवाजात आवाहन रेकॉर्ड करून दिलं. पोरं पोट धरून हसली. भरलं मात्र नाही.

आंधळगावचा लीलाधर, इतिहासात संशोधन करणारा, तिला स्पष्ट म्हणाला, "नाव नाई लिवलं तरी समजते, बाई. तुले मरायची घाई असंन त तू लिव."

मग रंजूनं कँटीनमध्ये त्यांना तलावावरची रीत सांगितली. मासळी निघाली की काठावर वाटे घालतात. एक जण वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठ केलेला न पाहता नाव घेतो. मोठा मासा कुणालाही जावो, भांडण होत नाही. "हे तसंच हाय," ती म्हणाली. "समोरचा पाठ करून बसला हाय. माही जबान."

तिच्या शब्दावर सगळ्यांनी भरलं. लीलाधरनंसुद्धा.

आणि आज निकाल सांगायची सभा. आवाज दिला म्हणून मलाही बोलावणं. समितीचे प्रमुख तिचेच गाइड सर. माईक हातात घेऊन त्यांनी ग्रंथालयाचं कौतुक वाचलं, प्रयोगशाळेची तक्रार वाचली. मग हसून म्हणाले, "आता एक गंमत ऐका."

ते वाचू लागले. "माझं प्रकरण दिवाळीपासून सरांच्या टेबलावर आहे. विचारलं की सर म्हणतात, पाहतो. उन्हात टाकलेल्या मासळीसारखं माझं काम सडत आहे."

सरांनी चष्मा काढला. "नाव नाही लिहिलेलं. पण विभाग प्राणिशास्त्र, वर्ष पाचवं, मुलगी. अशी आपल्याकडे कोण बरं?"

विभाग, वर्ष, मुलगा की मुलगी, हे सर्वेक्षणात सुरुवातीलाच विचारलं होतं आणि कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. रंजूच्याही. मी रंगमंचावर खून केलेत, घरं जाळलीत, हजारो माणसांचा श्वास अडकलेला पाहिला आहे. पण असा खलनायक मी कधी रंगवला नव्हता. त्याहून भयंकर म्हणजे सगळे सरांकडे नाही, रंजूकडे पाहत होते. जबान तिची होती.

"पुढचं," सर म्हणाले. "इतिहास, तिसरं वर्ष..."

लीलाधर पांढराफटक पडला.

रंजू उठली. मला वाटलं, दाराकडे जाईल. ती मंचासमोर गेली.

"सर, थांबा. ते माझं आहे. बाकीच्यांचं वाचू नका."

"अगं बस खाली, गंमत चालली आहे."

ती मंचावर बसलेल्या प्राचार्यांकडे वळली. शुद्ध बोलायचं भानच गेलं होतं तिचं. "मॅडम, मी यायले जबान देली होती. आमच्या तलावावर पाठ केलेल्यानं मांगं वळून पाह्यलं, त वाटे मोडतेत. सारी मासळी एका जागी करतेत, अन् दुसरा मानूस बसवतेत. वाटे मोडा, मॅडम."

मॅडमनी हात लांबवून लॅपटॉप मिटला. सरांचं बोट सापडता सापडता वाचलं.

"हे सगळं पुसून टाकायचं," त्या म्हणाल्या. "पुन्हा भरून घेऊ. विभाग नको, वर्ष नको. आणि हे काम आता सरांकडे नको."

मागून कुणीतरी एकच टाळी वाजवली आणि घाबरून थांबलं.

मी बाहेर आलो. रंजू थंड पाण्याच्या मशीनपाशी उभी. बाटली भरून पाणी तिच्या चपलांवर सांडत होतं, तिला पत्ता नव्हता. मी नळ बंद केला.

"काहून कबूल केलं, पोरी? माहं नाई म्हनायचं!"

"आबाजी, पाचव्या वर्षाले दुसरी पोरगी हाय काय तिथं?"

मला हसू आलं, आणि लगेच गिळावं लागलं. समोरून सर येत होते. काखेत तिची फाईल. वरच्या धुळीवर बोटांचे ताजे ठसे.

"शनिवारपर्यंत वाचतो. सहीही करतो," ते तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले. "पण रंजू, एवढं मनात होतं तर आधी मला सांगायचं ना."

"सांगतलंच होतं ना, सर. तेच तर तुम्ही वाचून दाखवलं."