माझ्या सासऱ्यांची मजलिस

मिनेसोटात राहून मिनेसोटाला अजिबात दाद न देणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो नेमका माझा सासरा आहे. इथला हिवाळा भल्याभल्यांना वाकवतो. पुण्याहून ताठ मानेने आलेली माणसं एक-दोन जानेवाऱ्या काढल्या की कशीही अवस्था असो, 'नॉट टू बॅड' म्हणायला शिकतात. माझे सासरे मात्र ईडन प्रेरीला आले ते रास अल खैमाचं वाळवंट सोबत घेऊनच. जन्माने नागपूरचे, पेशाने जनावरांचे डॉक्टर. आयुष्याचा सगळा कर्ता काळ त्यांनी तिथे, अमिरातीत, शर्यतीच्या उंटांची दुखणीखुपणी काढण्यात घालवला. सासूबाई तिकडेच वारल्या. पुढे नोकरी संपली, नोकरीबरोबर त्या वेळच्या नियमाने तिथला व्हिसाही संपला, आणि एकुलत्या एका लेकीने, म्हणजे माझ्या बायकोने, सुजाताने, त्यांना इकडे आणलं. सामानात कपडे कमी आणि दल्ले जास्त होते. दल्ला म्हणजे लांब चोचीची पितळी कॉफीदाणी. "बाबा, एवढे कशाला आणले?" असं सुजाताने विमानतळावरच विचारलं, तर म्हणाले, "पाहुणे किती येतील ते मी आजच कसं सांगू?"

इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना 'दुबईवाले काका' म्हणतात, हा त्यांच्या जिवाला लागलेला घोर आहे. सात अमिराती, सातांचे सात शेख, प्रत्येकीचा स्वभाव निराळा, आणि यांनी सगळ्यांना एका दुबईत कोंबावं हे त्यांना सहन होत नाही. "अकोल्याच्या माणसाला पुणेकर म्हणून बघा, काय होते ते," असं ते प्रत्येकाला बजावतात. एकदा मंडळाच्या पिकनिकला एक नवा आयटीवाला मुलगा त्यांना सहज म्हणाला, "काका, तिकडे तर सगळे मॉल आणि टॉवरच ना यार, कल्चर असं काय आहे?" सासरे रागावले नाहीत. त्यांनी त्याला रविवारी कॉफीला बोलावलं. तो दुपारी आला आणि रात्रीचं जेवून गेला. मधल्या वेळात सासऱ्यांच्या गोष्टींतून त्याने समुद्राच्या तळाशी जाऊन मोती काढले. नाकाला चिमटा लावून बुडी मारणारे पाणबुडे, त्यांची दोरी धरून वर बसलेला साथीदार, आणि गलबतावर फक्त गाण्यासाठी नेमलेला गवई. ते मोती मुंबईच्या बाजारात यायचे, तिकडे आपला रुपया चालायचा, म्हणून आजही तिकडची म्हातारी माणसं पैशाला आपल्याच 'पैसा' शब्दावरून 'बेजात' म्हणतात आणि टॅक्सीवाल्याला 'सीदा' चल असं सांगतात. मग जपानी कृत्रिम मोती आले, धंदा बसला, आणि तेल सापडेपर्यंत घरोघरी खजूर आणि सुकी मासळी एवढंच उरलं. "टॉवर काल आले, बेटा," सासरे म्हणाले. "त्याच्याआधी माणसं होती." तो मुलगा आता दर रविवारी येतो आणि इतरांना दुबई म्हणू देत नाही.

त्यांच्या कॉफीबद्दल मात्र मी पाहुण्यांना फोनवरच सावध करतो. ती पिवळसर असते, तिच्यात दुधा-साखरेऐवजी वेलची असते, आणि ती बिनकानाच्या टीचभर कपात तळाला लागेल एवढीच मिळते. कप काठोकाठ भरणं म्हणजे पाहुण्याला 'प्या आणि निघा' म्हणणं. डाव्या हातात दल्ला, उजव्या हातात कप, आणि पाहुणा कप हलकेच हलवून 'पुरे' असं दाखवेपर्यंत हे ओतत राहणार. हे माहीत नसल्याने मंडळाच्या अध्यक्षांनी एकदा सभ्यपणे कप पुढे केला आणि पुढे करतच राहिले. यजमानाला नाही कसं म्हणायचं, या आपल्या संस्कारात ते अडकले आणि कप हलवायची वाट बघणारे सासरे त्यांच्या संस्कारात. शेवटी अध्यक्षांच्या हाताला आपोआप कंप सुटला तेव्हा दोघांची सुटका झाली.

माणूस भेटला की आधी त्याची तब्येत, मग आईवडील, मग भाऊबंद, मग वाटेवरची खबरबात, आणि कामाचं सगळ्यात शेवटी, हा त्यांचा दुसरा नियम. आमचा वॉटर हीटर बिघडला तेव्हा आलेल्या प्लंबरची त्यांनी अशीच विचारपूस केली. तो बिचारा दोनदा 'नॉट टू बॅड' म्हणाला, तिसऱ्यांदा मात्र खुर्ची ओढून बसला आणि आपल्या कुत्रीच्या दुखऱ्या पायाबद्दल बोलू लागला. पुढच्या आठवड्यात तो कुत्रीला घेऊन आला. आम्हाला गरम पाणी उशिरा मिळालं, कुत्री लवकर बरी झाली. आणि माझे वडील साताऱ्याहून पहिल्यांदा आले तेव्हा सासऱ्यांनी विमानतळावरच आनंदाच्या भरात तिकडच्या रीतीने त्यांच्या नाकाला नाक लावलं. वडील निवृत्त मुख्याध्यापक. व्याह्याने असं काही करावं याची शाळेत किंवा घरात त्यांना कोणी कल्पना दिलेली नव्हती. गाडीत ते मला हळूच म्हणाले, "अरे, यांना चष्मा लागलाय का बघ जरा."

या सगळ्याचं मुख्य ठाणं म्हणजे आमचं गॅरेज. सासऱ्यांनी दोन्ही गाड्या बाहेर काढल्या, खाली गालिचे अंथरले, भिंतीला लागून तक्के मांडले, एका बाजूला बुद्धमूर्ती ठेवली आणि जाहीर केलं की ही मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, आणि मजलिसचं दार बंद नसतं. नोव्हेंबरात माझी लेक बर्फात गोठलेल्या गाडीकडे बघून म्हणाली, "डॅड, द कॅमल डॉक्टर हॅज टु गो बॅक." मीही एकदा चिडून त्यांना म्हणालो, की बाबा, लोकांना बसवायला आत दिवाणखाना आहे की. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, माझ्या आजोबाले गावच्या चावडीच्या ओट्यावर पाय ठेवू दिला नव्हता. मी तिकडे गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी एका शेखाने हाताला धरून शेजारी बसवलं, आणि त्याच्या कपात मला कॉफी दिली. मजूर लोक दाराबाहेर उभे होते, तेही मी पाहून राहिलो होतो. म्हणून माझ्या मजलिसला मी दारच ठेवलं नाही." मी एक स्पेस हीटर आणून दिला.

गेल्या उन्हाळ्यात ते हलाल मटणाच्या दुकानात गेले असताना त्यांच्या कानावर एक अरबी वाक्य पडलं. एक तरुण दुकानदाराला वाळवलेलं लिंबू मागत होता. सासरे तडक त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, "कुठल्या वादीतला तू?" वादी म्हणजे डोंगरातली नदीची कोरडी दरी. तो रास अल खैमाच्या डोंगरातला निघाला. आईच्या हृदयाची झडप बदलायची म्हणून तो आईवडिलांना घेऊन दीड तासावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलला आला होता, आणि तिकडे हे लिंबू मिळेना म्हणून या दुकानापर्यंत पोचला होता. डॉक्टर तयार होते. आई म्हणत होती, म्हातारा सांगेल ते. आणि म्हातारा काहीच सांगत नव्हता. दुभाष्याशीही त्याने बोलणं टाकलं होतं. फक्त म्हणायचा, घरी चला. आईची तब्येत रोज उतरत होती. हे सांगताना त्या मुलाला दुकानातच रडू आलं.

सासरे घरी आले ते "गाडी काढा" म्हणतच. मी मीटिंग कॅन्सल केली आणि दीड तास ड्राइव्ह करून त्यांना घेऊन गेलो. म्हातारा लाउंजमध्ये बसला होता, पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यावर एसीच्या गारठ्यासाठी कोणीतरी दिलेलं आइस हॉकीचं जाकीट घालून. दोघांनी नाकाला नाक लावलं. मग बोलणं सुरू झालं. मला अरबी येत नाही, पण विषय पाऊस, बकऱ्या आणि खजूर यांच्यापलीकडे जात नाही एवढं हातवाऱ्यांवरून कळत होतं. मध्येच सासऱ्यांनी बाही वर करून कोपराजवळचा उंटाच्या चाव्याचा जुना वण दाखवला. ती उंटीण म्हाताऱ्याच्या चुलतभावाचीच निघाली, आणि म्हातारा हसला. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी सासऱ्यांच्या कानाशी लागलो, "बाबा, ऑपरेशनचं विचारा ना."

"आधी बसू द्या," ते म्हणाले. "तुम्ही गप राहा जरा."

दुपार कलली तेव्हा म्हातारा आपणहून बोलू लागला. ते काय होतं ते सासऱ्यांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं. म्हातारा म्हणाला होता, इथले लोक फार चांगले आहेत, पण ते उभं राहून बोलतात. ही लग्न होऊन डोंगरावरून माझ्याकडे आली, त्यानंतर कधी एकटी राहिलेली नाही. या बर्फाच्या देशात तिला काही झालं तर माझ्याजवळ बसायला कोण येईल?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"ऑपरेशन कर म्हणून मी नाही सांगितलं. माझी बायको तुमच्याकडे गेली, एवढं सांगितलं. मी परका, धर्माने वेगळा. तरी तुमच्या लोकांनी मला एक घटका एकटं बसू दिलं नाही. म्हटलं, तसं काही झालं तर मी येऊन बसीन. आणि नाही झालं तरी बसीन. तवक्कल्ना म्हणाला तो. देवावर भार टाकला. मग पोराला म्हणाला, बोलाव डॉक्टरला."

ऑपरेशनच्या दिवशी सासरे सकाळपासून म्हाताऱ्याशेजारी बसून होते. बाई वाचली. पुढे बरी होईपर्यंत ती मंडळी आमच्या गॅरेजमध्ये वरचेवर येत राहिली. पहिल्याच भेटीत तिने सासऱ्यांच्या कॉफीचा घोट घेतला, नवऱ्याकडे बघितलं, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे मुलाकरवी विचारलं, "बी अशी भाजायला यांना कोणी शिकवलं?" इतकी वर्षं मिनेसोटाभर मिरवलेली कॉफी अशी एका वाक्यात निकालात निघाली. सासऱ्यांनी मान खाली घालून तिच्याकडून नव्याने भाजायला शिकून घेतलं. सुजाता त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी पोट धरून हसली.

ऑगस्ट संपता संपता ती मंडळी परत गेली. विमानतळावर म्हातारा म्हणाला, आता सुहैल उगवेल, हवा फिरेल, तू घरी चल. सासरे 'इन्शाल्ला' म्हणाले आणि त्याचा हात बराच वेळ हातात धरून राहिले. सुहैल म्हणजे आपला अगस्तीचा तारा. तिकडे तो पहाटे दक्षिणेला दिसला की उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं असं समजतात, आणि माणसं एकमेकांना बोलावून तो दाखवतात. इथे मात्र तो उगवतच नाही. आपण फार उत्तरेला राहतो.

त्या आठवड्यात एका सकाळी मी लवकर उठलो तर सासरे मागच्या डेकवर दक्षिणेकडे तोंड करून बसले होते. मी दुसरी खुर्ची घेतली. शेजाऱ्यांच्या छपरामागे उजाडत होतं.

"इथून नाही दिसायचा, बाबा."

"माहीत आहे ना. तिकडे तर आता उगवून मावळलाही असेल." मग म्हणाले, "तुमच्या सासूबाईले दरसाल मी उठवायचो हा बघायला. ती काही उठत नव्हती. म्हणायची, झोपू द्या हो, उद्याही तिथेच असेल."

ते हसले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि बराच वेळ तो हातातच राहिला.